सात दिवसांची पुरचुंडी

खोली दाखवायच्या आधीच आमच्या घरमालकांनी मला विचारलं होतं, "पोट कसा हाय तुजा?"

तोवर मी अंबरनाथ आणि बदलापूर मिळून सहा खोल्या पाहिल्या होत्या. सगळीकडे पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की दुसरा प्रश्न यायचाच नाही, खोली नेमकी कालच कुणालातरी दिलेली असायची. आम्ही बौद्ध. वडिलांनी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठच्या वर्कशॉपात लेथवर उभं राहून आम्हा भावंडांना शिकवलं. मला अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, आणि कॅम्पातल्या त्या एका खोलीत भाऊ-भावजयीसकट सगळे मावेनात म्हणून मी बदलापूरच्या मांजर्लीत खोली शोधत आलो होतो. आडनावाच्या प्रश्नाची तयारी घरून करून निघालो होतो. पोटाची नव्हती.

"बरं आहे," मी म्हणालो.

"सकालचा साफ होते?"

माझी नवी बायको शेजारी उभी होती. ती एकदम कुंपणावरच्या कारल्याच्या वेलाकडे बघायला लागली.

"होतं."

"बरा. आता पानी कुठला पितां?"

"उल्हासनगर. कॅम्प चार."

"मंग येताना तिथला दोन हंडं पानी घेऊन यायचा. आमचे हिरीचा पानी येकदम पोटान घालायचा नाय. तीन बोटां तुमचा, येक बोट आमचा. मंग दोन-दोन. मंग आमचा तीन. सात दिसांनी पुरा आमचा." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. भाडं किती, ते नंतर त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, आतून ओरडून सांगितलं.

टेम्पोत आमचं सामान थोडं आणि पाणी जास्त, असा प्रकार झाला. कॅम्पातले शेजारी विचारायला लागले, "अरे, बदलापूर में पानी नहीं है क्या?" मला लाज वाटत होती. पण सहा घरांनी नाकारल्यावर ज्याने आडनाव न विचारता किल्ली दिली, त्याचं पाण्याचं वेड चालवून घेणं भाग होतं. आम्ही दोघं सात दिवस इमानाने चार बोटांच्या हिशेबाने पाणी प्यायलो. पोटं ठणठणीत राहिली. ती न मिसळता प्यायलो असतो तरी राहिली असती, असं मी तेव्हा ऑफिसात हसून सांगायचो.

त्यांना सगळे दादा म्हणत. आगरी माणूस. पूर्वजांची खाडीकडे मिठागरं होती म्हणे, मग आजोबा इकडे शेतीला आले. थोडी शेती उरली होती, तिच्या कडेला ही चार खोल्यांची चाळ बांधलेली. दादा स्वतः एका कारखान्यात बॉयलरवर होते. बुटके, काळेसावळे, भुवयांचे केस जळून विरळ झालेले. एकदम काही करायचं नाही, हा त्यांचा देव होता, आणि तो त्यांना बॉयलरनेच दिला असावा. गार बॉयलरला पहिले काही तास नुसती ऊब द्यायची, असं ते सांगत. "घाय करून आग घातली का पत्रा फाटते. मानसाचा पोट पत्र्यापरास पातल."

हा नियम त्यांनी बॉयलरपुरता ठेवला असता तर कुणी हसलं नसतं. त्यांनी तो सगळ्यालाच लावला. विडी सोडायची ठरवल्यावर ते रोज सकाळी पाटावर बसून ब्लेडने विड्या कापायचे. आधी शेंड्याकडून नखभर, आठवड्याने दोन नखं. शेवटी शेवटी त्यांच्या खिशात वाटाण्याएवढे तुकडे असायचे आणि ते ओढताना ओठ भाजायचे. पण विडी सुटली. मुलगी पनवेलकडे दिली, तेव्हा तिच्याबरोबर माहेरच्या तांदळाचं गाठोडं दिलं आणि विहीणबाईंना भर मांडवात बोटं दाखवून मिसळण्याची रीत समजावली. विहीणबाईंना वाटलं, आपल्या घरात तांदूळ नाही असं हे सुचवतायत. ते रुसवेफुगवे काढायला काकींना दोनदा पनवेलला जावं लागलं.

आणि रिटायर झाले तेव्हाची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेहमीसारखा डबा घेऊन ते माझ्याबरोबर बाहेर पडले. कारखान्याच्या गेटवर वॉचमनजवळ बसले आणि चारला परत आले. पुढच्या आठवड्यात दोनला, त्याच्या पुढच्या आठवड्यात जेवायच्या वेळेला. महिन्याच्या शेवटी ते कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत गेले, तिथून वळून घरी आले आणि डबा खुंटीला अडकवून ठेवला. काकी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "झाला का रिटायर? का अजून थोडा बाकी हाय?"

"झाला," दादा गंभीरपणे म्हणाले.

मी हे सगळं टाइम ऑफिसात नकला करून सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. "आज दादांचं काय?" असं विचारत डब्याच्या सुट्टीत माझ्याभोवती जमायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

दादांची वाघी नावाची गावठी कुत्री होती. तांबूस, एका कानाला चीर गेलेली. वर्षातून एकदा तिला लाकडांच्या खोपीत पिल्लं व्हायची आणि मग दादांचा खरा कारभार सुरू व्हायचा. पिल्लू दीड महिन्याचं होईस्तोवर ते कुणालाही द्यायचे नाहीत. पिल्लांना खाणं ठरलेलं: कणीची पेज आणि तिच्यात तव्यावर भाजून कुटलेली सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. ते दगडी पाट्यावर स्वतः सुकट कुटत, काकींना हात लावू देत नसत. ज्याला पिल्लू हवं त्याला त्याच्याबरोबर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी घ्यावीच लागायची. आत सात पुड्या, दिवसाला एक. मग ताटलीत चार बोटं ठेवून शिकवणी. तीन बोटां यातला, येक बोट तुमचे घरचा.

तीन दिवसांत विसरून जाईल असा गिऱ्हाईकाचा चेहरा दिसला की दादा त्याचा हात धरून पिल्लाच्या डोक्यावर ठेवायचे आणि वदवून घ्यायचे. एक ट्रकवाला सरदारजी होता. त्यानेसुद्धा, "तीन उँगली पुराना, एक उँगली नया," असं हात ठेवून म्हटलेलं मी ऐकलं आहे.

आठव्या दिवशी दादा सायकल मारत त्या घरी जायचे. पिल्लू बघायला नव्हे. पिल्लाने केलेली घाण बघायला. काडी घेऊन वाकायचे, बघायचे, आणि चेहरा उजळायचा. "घट्ट हाय. लागला तुमचा अन्न त्याला." मग चहासुद्धा न घेता परत. कुणी हसलं तर म्हणायचे, "तोंड खोटा बोलते. शी खोटा बोलत नाय."

चार वर्षं आम्ही त्या चाळीत राहिलो. पुराचं पाणी आलं की सामान माळ्यावर चढवायला दादा आधी आमच्या खोलीत यायचे, मग स्वतःच्या. बायकोचं पहिलं बाळंतपण अर्ध्यातच बिघडलं, तेव्हा हॉस्पिटलातून आल्यावर काकींनी तिला महिनाभर पाणीसुद्धा भरू दिलं नाही. त्याच दिवसांत ती वाघीच्या पिल्लांपाशी जाऊन बसायला लागली. त्यांतल्या एका पांढऱ्या पायाच्या पिल्लाला ती गुंड्या म्हणायची.

नेमका त्याच सुमाराला अंबरनाथ पूर्वेला आमचा फ्लॅट तयार झाला. एक खोली, स्वयंपाकघर, दुसरा मजला, पण स्वतःचा. माझ्या खानदानात पहिला. दादांनी न मागता गुंड्याला बायकोच्या ओटीत घातलं. "घर रिकामा नको," एवढंच म्हणाले. मग माझा हात धरून पिल्लाच्या डोक्यावर ठेवला. मी शपथ घेतली. पुरचुंडी घेतली. शिवाय आम्हा दोघांसाठी त्यांच्या विहिरीचे दोन हंडे पाणी टेम्पोत चढलं, कारण आता आम्हाला अंबरनाथचं पाणी बाधू नये ना.

मे महिना संपत आला होता. आगऱ्यांच्या घरी त्या दिवसांत पावसाळ्याची बेगमी होते; दादांच्या माळ्यावरही सुकट, बोंबील, जवळा यांचे पत्र्याचे डबे नुकतेच भरले होते. त्यातलीच ताजी सुकट पुरचुंडीत होती. वास यायचाच.

सामान चढवताना जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. टेम्पोवाल्याला ते स्वतः कपाट धरू लागले. मग नाक वर करून म्हणाले, "कसला हो वास? मासळी वगैरे का? नाही, वरच्या मजल्यावर सगळे शाकाहारी आहेत, म्हणून विचारलं."

"नाही नाही," मी म्हणालो. "आम्ही खातच नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पुरचुंडी होती, आणि तिच्या वडिलांचं अर्धं आयुष्य भाकरी आणि भाजलेल्या बोंबलावर गेलं होतं. माझंही बालपण त्यावरच. सेक्रेटरी म्हणाले, "छान. आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही, निदान मला तरी दिसला नाही. पण तोवर मी खोटं बोलून बसलो होतो आणि ते निभावणं भाग होतं. संध्याकाळ व्हायच्या आत मी पुरचुंडी आणि आमचा स्वतःचा सुकटीचा डबा पिशवीत घालून पार नाल्यापर्यंत नेऊन टाकला. बायको म्हणाली, "दादांनी सात दिवस सांगितले होते. पिल्लाला काय कळतंय सोसायटी?"

"दूध घालू त्याला. सुकटीपेक्षा दूध काय वाईट आहे?" मी म्हणालो. खरंच मला तसं वाटत होतं. आता आपण फ्लॅटवाले, आपल्या कुत्र्याने पेज का खावी? पिशवीचं दूध, पाव, ग्लुकोजची बिस्किटं, दुसऱ्या दिवशी वर थोडी साय. गुंड्याने ताटली चाटून लख्ख केली. मी बायकोला म्हटलं, "बघ. दादांचा आपला बोटांचा खेळ."

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीभर पिवळं पाणी. दुपारी पुन्हा. चौथ्या दिवशी तो दुधाकडे बघेना, मग आम्ही दुधात साखर घातली. पाचव्या दिवशी त्याचं पोट आत गेलं आणि मागचे पाय लटपटायला लागले. बायकोने मला न विचारता चाळीतल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप पाठवला. सहाव्या दिवशी रविवार होता. सकाळी नवाला दादा दारात उभे. सायकलवरून आले होते, धोतराचा काचा अजून खोचलेला.

आधी ते पिल्लाकडे गेलेच नाहीत. मोरीत गेले, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"ही माजे अन्नाची शी नाय," ते म्हणाले. "काय घातला याना?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. चार शब्द होते: दूध घातलं, चुकलं माझं. दादा फार तर ओरडले असते. पण दूध का, हे त्यांनी विचारलं असतं. मग पुरचुंडी टाकली हे सांगावं लागलं असतं, आणि ती का टाकली हेही. ज्या माणसाने आमचं आडनाव विचारलं नाही, त्याच्या समोर उभं राहून, तुमचं अन्न माझ्या घरात असल्याची मला लाज वाटली, असं सांगायचं. ते माझ्याच्याने होईना.

"तुम्ही दिलेलंच," मी म्हणालो. "तीन बोटं, एक बोट."

बायको आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला.

"पुरचुंडी दाखव."

"संपली."

"सात दिसांची पाचात?"

"भूक फार आहे त्याला."

दादांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शंका आली असावी, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता वाटतं की नाही आली. माणूस पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवून बोलला की ते संपलं, असा त्यांचा हिशेब होता. ते हळूच म्हणाले, "तू खोटा कशाला बोलशील. मंग सुकटीनच कायतरी असेल."

गुंड्याला टॉवेलात गुंडाळून आम्ही रिक्षाने कॅम्प चारला गेलो. माझ्या जुन्या घराजवळ जनावरांचे एक सिंधी डॉक्टर होते, हात हलका, माणूस सज्जन. त्यांनी पिल्लाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"पानी बहुत निकल गया है," ते म्हणाले. "खाना चेंज किया क्या?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न तर त्यांचाच होता.

"नहीं," मी म्हणालो.

"क्या खिलाते हो?"

"कनी आन् सुकट," दादा म्हणाले. "सुखा मच्छी. मय देता, मेरे घर का."

"इतने छोटे बच्चे को सूखी मछली? फिर वही होगा, साईं. माल में नमी लग जाती है, ऊपर से दिखता नहीं. मछली बंद करो. दूध-ब्रेड पे रखो चार दिन."

"येकदम बंद?" दादांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून प्रश्न म्हणून आला असेल.

"एकदम बंद."

डॉक्टरांचा यात काही दोष नव्हता. मी जे सांगितलं त्यावरून त्यांनी ठरवलं. सुई टोचली, पांढरी पावडर दिली. येताना रिक्षात दादा पिल्लाला मांडीवर घेऊन बसले होते. अंबरनाथचं फाटक लागलेलं होतं तिथे रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "शिकलेला मानूस हाय. त्याला जास्ती कलते." मी बाहेर बघत होतो.

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

"दूध द्यायला सांगितलंय."

"दूधच तर देतोय आपण!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी दार लावून घेतलं. त्या वेळी दादा खाली सायकलचं कुलूप काढत होते. दोन मजले उतरून गेलो असतो तरी ते भेटले असते.

दुसऱ्या दिवशी तिने माझं ऐकणं सोडलं. भाताचं पाणी मीठ घालून कापसाने त्याच्या तोंडात पिळत राहिली. थोडं त्याने चाटलंही. मंगळवारी दुपारी, मी कामावर असताना, तो तिच्या मांडीवर गेला. पिल्लं शंभर कारणांनी जातात, हे मला आता माहीत आहे. कदाचित पेज-सुकटीवर ठेवला असता तरी गेला असता. पण खरं सांगितलं असतं तर दादांनी त्याच घटकेला दूध बंद केलं असतं, डॉक्टरांनीही केलं असतं, आणि रविवार ते मंगळवार हे तीन दिवस त्याच्या हातात होते. ते मी घेतले.

दादांना कळवायला बुधवारी मी मांजर्लीला गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं बायकोने मला दारात उभं करून बजावलं होतं, आणि मीही ठरवलं होतं. अंगणात शिरलो तर पत्र्याचे सात-आठ डबे घासून पालथे घातलेले. खोपीमागे केळीजवळ नवा खड्डा बुजवलेला, वर दगड ठेवलेले, आणि वाघी ते दगड हुंगत घिरट्या घालत होती. काकी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा आवाज बसला होता.

"सगला पुरला," त्या म्हणाल्या. "बोंबील, सुकट, जवला, सगला. पावसाल्याचा. मी बोलतंय, आम्ही रोज खातंव, कोनाला काय झाला? ऐकत नाय. बोलते, लहान जिवाला लागला ते घरान नको. आता चार महिने काय उकडू मी, सांग?"

दादा खोपीच्या उंबऱ्यावर होते. राहिलेली दोन पिल्लं त्यांच्या पायाशी. पाट्यावरच्या ताटलीत पाव आणि दूध होतं. एकदम बंद, म्हणजे एकदम बंद. ज्याने विडीसुद्धा महिनोन् महिने कापून सोडली, त्याने एका दिवसात घरातलं सगळं अन्न मातीत घातलं होतं, आणि ते माझ्या एका "नाही"वर.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"काल गेला."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ती हलतच राहिली. मी तोंड उघडलं होतं. पण खड्डा बुजला होता, डबे धुतले गेले होते, काकी समोर बसल्या होत्या. आता सांगून तो माल वर येणार आहे का, असं मी मनाला विचारलं, आणि मनाने मला हवं तेच उत्तर दिलं. दादांना मात्र एवढं म्हणालो, "यांना दूध एकदम नका देऊ. थोडी पेज मिसळा."

"नको," ते म्हणाले. "आता माजा सांगना नको."

मी चहा न घेता परत आलो. बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी नाही म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी काहीही सांगितलं, दूध नासलं, रिक्षा मिळाली नाही, की ती आधी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायची. ती दोन पिल्लं वाचली का, हे मी विचारलं नाही. ती मोठी झालेली मी कधी पाहिली नाहीत. वाघी म्हातारी होऊन मेली. दादांनी नंतर जनावर पाळलं नाही.

तसे आम्ही भेटत राहिलो. बदलापूरच्या बाजारात, त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, आमच्या मुलीच्या बारशाला. लग्नात सून घरात आली तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. आता दादा तिच्या माहेरचे तांदूळ मागवतील, बोटं दाखवतील, काकी कपाळावर हात मारतील, असं वाटलं होतं. त्यांनी काही मागवलं नाही. पंगतीत गप्प बसून जेवले. नवे भाडेकरू येत होते, त्यांना किल्ली मिळत होती, पोटाची चौकशी होत नव्हती. चाळीतली माणसं म्हणायची, दादा सुधारले म्हातारपणी. टाइम ऑफिसात कुणी विचारलं, की बाबा, दादांचं काय नवीन, तर माझ्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं.

दहाएक वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा थोडी परत आली होती. त्यांचा धाकटा माझ्या कारखान्याच्या गेटवर येऊन म्हणाला, "बाबा तुमचं नाव घेतायत. येऊन जा." मी आणि बायको त्या शनिवारी दुपारी गेलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "आज तरी."

दादा खाटेवर भिंतीला टेकून बसवलेले होते. काकी त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या, ती बाजूला ठेवून उठल्या. मी खाटेच्या कडेला बसलो. बायको माझ्या मागे उभी राहिली. मी सुरुवात करणार, एवढ्यात त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तुज्या बायकोची कूस तवा रिकामी झालती," ते थांबत थांबत म्हणाले. शब्द एका बाजूने निसटत होते. "मी तिचे ओटीन पोर घातला. आन् माज्याच हातानी त्याला इख दिला. लई दिस सांगायचा होता. तोंड नव्हता मना."

"दादा—"

"डोक्यावर हात ठेवून तू माजा सांगितलेला केलास. मी बोललो तसा. तुजा काय चुकला नाय. माजा चुकला. मना माफ कर, बाबा."

मागे बायकोचा श्वास मला ऐकू येत होता. ती थांबली होती. काकी दारात थांबल्या होत्या. दादांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, आणि त्यांत इतकी भीती होती, मी नाही म्हणेन की काय अशी भीती, की मला वाटलं आता दुसरं काही सांगितलं तर हा माणूस समजूनही घेऊ शकणार नाही. असं वाटलं म्हणजे मी तसं ठरवलं. दहा वर्षं मी असंच ठरवत आलो होतो.

"जाऊ द्या, दादा," मी म्हणालो. "केलं माफ."

बायको बाहेर निघून गेली.

दादांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला, छातीपर्यंत आणला, दोन्ही तळवे कसेबसे एकमेकांना टेकवले आणि मला नमस्कार केला. आणि मी तो घेतला.